मालकाचं खातो

मोसंबी खाली पडलेली होती. मी तोडलेली नव्हती. हे आधीच सांगते, कारण त्या दिवशी मला कुणी ते सांगू दिलं नाही.

मी चौथीत होते. शाळा सुटल्यावर दप्तर घेऊनच रानात जायची सवय होती. माय निंदत होती, बाबा झाडांच्या आळ्यात पाणी सोडत होते. बांधाजवळच्या झाडाखाली एक मोसंबी पडलेली दिसली, एका अंगानं पाखरानं टोचलेली. मी उचलली, फ्रॉकला पुसली आणि नखानं सोलायला लागले. तेवढ्यात रस्त्यावर जीप थांबली. मालक उतरले. ते शहरात राहायचे आणि पंधरा दिवसांनी, महिन्यानं रान बघायला यायचे.

मालकांनी माझ्या हातातली मोसंबी बघितली. त्यांनी बाबांकडं बघितलं. नुसतं बघितलं. बाबांनी हातातलं फावडं टाकलं, चिखलाच्या हातानं पळत आले आणि माझ्या थोबाडीत मारली.

"मालकाचं झाड हाय ते. ठिव खाली."

मी ठेवली. जिथनं उचलली होती तिथंच.

मालक हसले. म्हणाले, "राहू दे रे सुक्या. लेकराचा काय दोष. तुमच्या अंगातच असतंय ते."

बाबांचं नाव सुखदेव. सुक्या नाही. पण बाबांनी हात जोडले आणि म्हणाले, "व्हय मालक. तुमचंच खातो." मालकांनी ती मोसंबी बुटानं पाण्याच्या चारीत लोटली आणि जीपमध्ये बसून निघून गेले. माझ्या गालावर चिखल वाळला. घरी गेल्यावर तो पुसायला बाबाच आले, तर मी तोंड फिरवलं.

ते झाड बाबांनी लावलेलं होतं. तेच नाही, सगळीच. गाव मी सांगणार नाही. संभाजीनगरपासून तासाभरावर आहे, एवढं पुरे. माझ्या जन्माआधी ते पाच एकर निव्वळ बरड होतं, कुसळंसुद्धा धड येत नव्हती. मालकांनी बाबांना बोलावून सांगितलं, कस, निम्मं तुझं, निम्मं माझं. कागद नाही, साक्षीदार नाही. मायबापांनी दगड वेचले. त्याच दगडांचा बांध घातला. मग रोपं लावली आणि पहिले दोन उन्हाळे माय नाल्यावरनं डोक्यावर घागरी वाहत होती. दुसऱ्या उन्हाळ्यात मी तिच्या पोटात होते. म्हणजे त्या झाडांना पाणी घालायला मीही होते, असं माय हसून सांगायची.

वाटणीची एक रीत होती. ती नीट सांगावी लागेल, कारण पुढं त्या रितीनंच आमचा गळा कापला. माल निघाला की मालक खळ्यावर खुर्ची टाकून बसायचे आणि विचारायचे, "काय रे, किती घेतो?" बाबांनी म्हणायचं, "मालक देतील ते." मग बरोबर निम्मे वाटे पडायचे. दरवर्षी हाच प्रश्न, हेच उत्तर. निम्मा असं तोंडानं म्हणायचं नसतं. म्हटलं तर उर्मटपणा होतो. अर्धं माप मालकाला आणि अर्धं आम्हाला पडत असूनही, आम्हाला ते दिलं जातंय असं वाटलं पाहिजे. आणि वाटे पडायच्या आधी एक दाणा, एक फळ घरी न्यायचं नाही. म्हणून ती थप्पड.

बाबा भित्रे होते असं कुणी समजू नये. जयंतीला वस्तीवरच्या मिरवणुकीत लेझमीच्या पहिल्या रांगेत ते असायचे. घरात भिंतीवर निळ्या कोटातला फोटो, त्याला रोज सकाळी हात जोडल्याशिवाय चहा नाही. मला शिकवायचं म्हणून भावकीशी भांडले. माझ्याकडून पाटीवर सही शिकले आणि अंगठा कायमचा सोडला. पण मालकाच्या दारात गेले की चपला लांबच काढायचे, पार रस्त्यावर. एकाच माणसात ही दोन माणसं कशी राहत होती, हे मला लई वर्षं कळलं नाही. त्याचा मला राग यायचा, आणि लाज जास्त यायची.

मी शिकले, शहरात आले. पडेगावला खोली घेतली. खोली बघायला गेले तेव्हा घरमालकिणीनं आधी आडनाव विचारलं, मग गाव, आणि तरी उलगडा होईना तेव्हा गोड आवाजात म्हणाली, "तुमच्यात कुळाचार काय असतो?" तीन दारं या प्रश्नावर बंद झाली. चौथ्या दारी खोली मिळाली. एका वकिलांकडं टायपिंगचं काम लागलं. दिवसभर अर्ज, जबाब, नोटिसा. अर्जदार, गैरअर्जदार, वादातील मिळकत. बोटं आपोआप चालायची.

म्हातारे मालक वारले आणि मुलगा बघायला लागला. बाबा त्याला धाकले मालक म्हणायचे. तो बाबांहून पंचवीस वर्षांनी लहान, पण बाबांना सुक्याच म्हणायचा. एका रविवारी मी गावी होते. तो नवी गाडी घेऊन आला. पिकाची नोंद आता मोबाईलवर करतात. रानात उभं राहून पिकाचा फोटो काढायचा, की सातबाऱ्यावर पीक चढतं. त्यानं मोबाईल वर धरला. बाबा कौतुकानं झाडाशेजारी उभे राहिले, टोपी नीट केली. फोटो काढतायत म्हटल्यावर माणूस उभा राहणारच.

"सुक्या, बाजूला सरक. फोटोत यायलास."

बाबा सरकले. "आणखी," तो म्हणाला. बाबा आणखी सरकले, पार बांधाच्या पलीकडं. त्यानं फोटो काढला. झाडं आली, माती आली, बांधावरचे दगड आले. मी तिथंच उभी होते. माझ्या अंगावर चांगला ड्रेस होता, हाताला काम होतं, आणि तरी मीही दोन पावलं मागं सरकले, फोटोत येऊ नये म्हणून. गालावर चिखल वाळल्यासारखं वाटत राहिलं.

नंतर मी सातबारा काढून बघितला. कोण कसतं त्या रकान्यात सगळी वर्षं एकच शब्द होता. खुद्द. खुद्द म्हणजे ते. खुद्द शहरात, खुद्द जीपमध्ये, खुद्द खळ्यावर खुर्चीत. मातीला कधी हात न लावलेला माणूस कागदावर खुद्द आणि फावडं धरून कंबर वाकलेला माणूस कागदावर कुणीच नाही.

वर्षभरात शहर रस्त्यानं सरकत आमच्या रानापर्यंत आलं. प्लॉटिंगवाले हिंडायला लागले. धाकल्या मालकानं बाबांना सांगितलं, पुढच्या हंगामापासून येऊ नको. एवढंच. जशी जमीन तोंडी दिली होती तशीच तोंडी काढून घेतली.

बाबांनी हे मला फोनवर सांगितलं तेव्हा मी दुसऱ्याच कुणाचा तरी अर्ज टाइप करत होते. "अर्जदार हा सदर जमिनीचा कूळ आहे." हे वाक्य मी किती वेळा टाइप केलं असेल, देव जाणे. त्या दिवशी बोटं थांबली. पुढं वकिलांनी कायद्यातलं लिहायला सांगितलेलं होतं. दुसऱ्याची जमीन रीतसर कसतो तो कूळ. मजुरीवर राबणारा नोकर असतो, पण पिकाच्या वाट्यावर कसणाऱ्याला नोकर धरता येत नाही. मी ते तीनदा वाचलं. मग वकिलांना म्हटलं, सर, हे माझ्या बाबांचं आहे.

कूळ. सगळा जन्म आम्हाला जो तो कूळ विचारत आला. शाळेत विचारलं, खोली बघताना विचारलं. आणि कायद्यानं जिथं आम्हाला कूळ म्हणायचं होतं, तिथं कुणाचीच जीभ रेटली नाही. आमचीसुद्धा नाही.

बाबा सही करेनात. म्हणाले, मीठ खाल्लंय, कोर्टकचेरी कशी करू. मी भांडले, रडले. शेवटी मायनं समजावलं तेव्हा तयार झाले, पण एका अटीवर.

"रान मागू नको. झाडं तेवढी राहू दे म्हण."

मी हो म्हटलं आणि अर्जात पाच एकरांवर कूळ म्हणून हक्क लिहिला. बाबांनी एकेक अक्षर जोडत सही केली. ती सही बघून मला अभिमान वाटला होता.

तारखेला बाबांनी धुतलेलं धोतर नेसलं. तहसीलला पोचलो. सुनावणीच्या खोलीच्या दारात बाबा थांबले. आत धाकले मालक खुर्चीत बसलेले दिसले. बाबांनी चपला काढल्या. सगळं जग आत चपला-बूट घालून होतं. मी म्हटलं, बाबा, घाला. त्यांनी ऐकलंच नाही. अनवाणी आत गेले.

मालकांच्या वकिलानं दारातल्या त्या चपलांकडं एकदा बघितलं, मग बाबांकडं बघितलं. मी त्या वकिलाच्या जागी असते तर मलाही तेवढ्यावर सगळं कळलं असतं. तो आवाज चढवून बोलला नाही. उठून उभा राहिला आणि म्हणाला, "या सुखदेवराव. तब्येत बरी ना?"

राव. माझ्या बाबांना जन्मात पहिल्यांदा कुणी राव म्हटलं. मी त्यांचा चेहरा बघत होते. तो असा उजळला, की मला त्या क्षणी ओरडावंसं वाटलं, बाबा, गप्प बसा. पण तसं बोलता येत नाही तिथं.

"संसार कशावर चालला आजवर?" वकिलानं विचारलं.

"मालकाचंच खातो साहेब," बाबा म्हणाले.

"म्हणजे मालकांनी सांभाळलं तुम्हाला?"

"व्हय साहेब. देवमाणूस."

कारकून लिहीत होता. आमच्या वकिलांनी सावरायला विचारलं, पिकातला तुमचा वाटा किती? अगदी सोपा प्रश्न. घरी आठ दिवस मी हेच घोकून घेतलं होतं. निम्मा म्हणायचं, बाबा, फक्त निम्मा. बाबांनी तोंड उघडलं आणि समोर खुर्चीत बसलेल्या धाकल्या मालकांकडं त्यांची नजर गेली. खळं, खुर्ची, मालक. तीस वर्षांची सवय.

"मालक देतील ते," बाबा म्हणाले.

जबाब वाचून दाखवला. बाबांनी पाटीवर शिकलेली सही केली. बाहेर येऊन चपला घालताना माझ्याकडं बघून हसले, काम फत्ते झाल्यासारखे. म्हणाले, वकील लई चांगला माणूस हाय, राव म्हणला मला.

आणि मी फुटले. तिथं, व्हरांड्यात, शंभर माणसांत मी माझ्या बापाला म्हणाले, "तुमच्याच तोंडानं घालवलं तुम्ही."

बाबा तसेच उभे राहिले, एक चप्पल पायात, एक बाहेर. मालकाच्या माणसांसमोर मी त्यांना बोलले होते. चौथीत त्यांनी मला मारलं होतं तसंच, परक्यांदेखत. मी परतफेड केली, असं आता म्हणता येईल. तेव्हा फक्त राग होता.

निकाल आला. मी टायपिस्ट आहे, मला शब्द वाचता येतात. "अर्जदाराने तो गैरअर्जदाराकडे नोकर म्हणून असल्याचे स्वतःच्या जबाबात मान्य केले आहे." बाबांनी नोकर हा शब्द एकदाही उच्चारला नव्हता. ते नम्रपणे बोलले होते. आमच्या माणसांची नम्रता कागदावर उतरवली की तिचा नोकर होतो.

रानाला तारेचं कुंपण पडलं. बाबा रोज सकाळी भाकरी बांधून जायचे आणि कुंपणाबाहेर दगडावर बसायचे. अपील करू, मुदत आहे, मी सांगायचे. ते ऐकायचे नाहीत. मग एक दिवस जेसीबी आला. माय सांगते, मोसंबीची झाडं मुळासकट वर यायची तेव्हा बाबा दरवेळी उभे राहायचे, जसं कुणी वडीलधारं माणूस दारात आलं की आपण उभे राहतो. त्या दिवशी ते घरी आले आणि आडवे झाले. डॉक्टरांनी काहीतरी नाव सांगितलं. मला विचाराल तर त्याचं नाव मी आहे. माझं ते एक वाक्य आहे.

शेवटच्या दिवसांत मी त्यांच्याजवळ होते. छताकडं बघत म्हणाले, "माझ्याच तोंडानं गेलं नव्हं गं?"

मी म्हटलं, नाही बाबा. त्यांना ते पटलं नाही. मी आधी दुसरं बोललेले होते आणि ते शंभर माणसांनी ऐकलं होतं. बाबा गेले तेव्हा ते वाक्य त्यांच्याबरोबर गेलं. ते मला परत घेता आलं नाही. माझ्या आयुष्यातली ही एकच गोष्ट, जिची माफी मागायला माणूस शिल्लक नाही.

मग कळलं. फार उशिरा, पण कळलं. ते तोंड बाबांचं नव्हतंच. त्या तोंडात शब्द दुसऱ्यांनी भरलेले होते, पिढ्यान् पिढ्या, नुसत्या नजरेनं. चौथीत माझ्या थोबाडीत बसली ती थप्पड बाबांनीही कधीतरी अशाच एका झाडाखाली खाल्ली असणार, त्यांच्या बापाकडून. पोराला वाचवायचं म्हणून आमचे बाप आम्हाला आधी मारतात. मालकाला हात उचलावाच लागत नाही. त्याला बघितलं तरी पुरतं.

बाबांच्या पुण्यानुमोदनाला, म्हणजे त्यांच्या नावानं वंदना घ्यायला, वस्ती जमली होती. धाकला मालकही आला. बाहेर गाडीजवळ उभा राहिला आणि मला बोलावून घेतलं. म्हणाला, म्हातारा गेला, वाईट झालं. प्लॉटिंगमधला कोपऱ्यातला एक गुंठा तुझ्या आईच्या नावानं करून देतो. एका कागदावर सही द्या, वाद संपला. तुझ्या बापानं इमानानं आमचं खाल्लंय.

आतून वंदना ऐकू येत होती. माय दारात येऊन उभी राहिली होती. मला वाटलं होतं अशा वेळी आपण फार मोठं काहीतरी बोलू. तसं झालं नाही.

"बाजूला सरका," मी म्हणाले. "आमची माणसं आत जायलीत."

तो सरकला नाही. मी उभी राहिले. मागून आलेली माणसं माझ्यामागं थांबली. मग त्याला सरकावं लागलं. गाडी लावलेली तिथून मागं घ्यावी लागली. एवढंच. पण मालक हा शब्द त्या दिवशी माझ्या तोंडातून कायमचा गेला. आता मी त्याला कागदावरच्या नावानं बोलते. गैरअर्जदार.

दुसऱ्या दिवशी अपील टाइप केलं. वारसांची नावं लावली, मायचं आणि माझं. सगळ्यात वर लिहावं लागतं ते लिहिलं. "मयत कूळ सुखदेव." पुढं आजोबांचं नाव, आडनाव, सगळं पूर्ण. माझ्या बापाला कागदावर कूळ म्हटलेलं पहिल्यांदा मी बघितलं, आणि ते मीच टाइप केलं होतं, आणि आधी मयत लिहावं लागलं. स्क्रीन दिसेना. वकिलांनी पाण्याचा ग्लास आणून ठेवला आणि ते बाहेर जाऊन बसले.

आता मायचाही जबाब होईल असं वकील म्हणतात. रोज संध्याकाळी तिचा स्वयंपाक झाला की मी फोन करते. मी विचारते, ती उत्तर देते.

रान कोण कसत होतं?

आम्ही.

वाटा किती?

निम्मा. आता ती न अडखळता म्हणते. सुरुवातीला तिला तो शब्द शिवीसारखा वाटायचा, हळूच म्हणायची.

पोट कशावर चालायचं, कुणाचं खाता, असं विचारलं की मात्र ती थांबायची. मा, एवढं अक्षर यायचं आणि ती तोंड मिटायची. मी काहीच सांगायचे नाही. बाबांना मी उत्तर घोकायला लावलं होतं आणि त्याचं काय झालं ते बघितलं होतं. तिचं उत्तर तिचंच आलं पाहिजे. परवा मी विचारलं आणि पलीकडं तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "ज्या घागरी वाह्यल्या, त्येचं खाते."

झाडं आता नाहीत. तिथं चुन्याच्या रेघा आहेत आणि नंबर लिहिलेले खुंट आहेत. ती झाडं कुठलाही निकाल परत लावणार नाही, हे मला ठाऊक आहे. बाबा परत येणार नाहीत. जमीन मिळेल की नाही, तेही सांगता येत नाही. वकीलसुद्धा सांगत नाहीत. पण त्या कागदावरचा नोकर हा शब्द मी खोडून घेणार आहे. इथं नाही खोडला तर वर जाईन, आणि तिथं नाही तर आणखी वर. मला टायपिंग येतं, कागदाला मी भीत नाही.

तारीख लागली आहे. मायसाठी मी पाचोडच्या बाजारातनं नव्या चपला आणल्या, पट्ट्याच्या, पायातून सहज न निघणाऱ्या. ती म्हणाली, एवढ्या घट्ट कशाला. मी म्हटलं, घाल, सवय कर. आम्ही दोघी त्या दारातून चपला घालून आत जाणार आहोत.